काळ्या काचा

कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात एक नवरदेव आणि त्याची थोरली बहीण कारागिराशी बोलत होते.

"काका, परवा माझं लग्न झालं. ताईच्या या जुन्या कॅमेऱ्यात झाडं गुलाबी आलीत आणि माझा काळा कोट बिटाच्या रंगाचा."

"स्वस्तात मिळतोय, घे म्हणून तूच मागे लागला होतास."

"बिघाड नाही हा. इन्फ्रारेड अडवणारी आतली काच कुणीतरी हौसेने काढलीय. आपल्याला न दिसणारा उजेडही हा टिपतो. नवी काच बसवून देतो, पण काढलेले फोटो असेच राहणार."

"मग पुसून टाका सगळे."

"अरे, बाबांचा एखादा तरी ठेव."

"कशाला? त्यांना हे लग्नच नको होतं. काळा चष्मा लावून ताठ बसले आणि शेवटपर्यंत झोपले."

"झोपले कुठे? हा बघा, मोठा करतो."

"चष्म्याच्या काचा इतक्या फिक्या कशा?"

"काही काळ्या काचांमधून हा उजेड आरपार जातो. म्हणून मागचे डोळे दिसतात."

"ताई, बाबा माझ्याकडे बघतायत."

"पुढचा बघ."

"यातही."

"त्याच्या पुढचा?"

नवरदेव एकेक फोटो पुढे सरकवत राहिला.

"मग, पुसायचे ना सगळे?" कारागिराने विचारलं.

"नको काका. बाबांचे तेवढे छापून द्या. ताई, ते आत्ता घरी असतील?"

"असतील की. जा. फक्त चष्मा काढायला सांगू नकोस त्यांना."