बाळाची दिवसपाळी

(नवजात शिशू कक्ष. दुपारचे बारा.)

सिस्टर : भर दुपारी काचेच्या पेटीवर कापड कोणी टाकलं, एवढंच विचारतेय.

आई : मीच. डोळ्यांवर उजेड येत होता त्याच्या.

सिस्टर : आणि काल संध्याकाळी काढलंत ते?

आई : तेव्हा उजेड नव्हता.

सिस्टर : ताई, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. बाळ महिन्याचं झालं, तुम्ही कामावर परत गेलात, तेव्हापासून चार दिवस आम्ही सकाळी कापड काढतो, तुम्ही घालता. आम्ही संध्याकाळी घालतो, तुम्ही कामावर जाता जाता काढता. बाळ आहे का पोपटाचा पिंजरा?

आई : सांगते. मी पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला. पाच वर्षं. हा पोटात होता तेव्हाही. दिवसा मी आडवी झाले की हा गप्प. रात्री पीठ मळायला उभी राहिले की याच्या लाथा सुरू. आमचं छान जमलं होतं.

सिस्टर : जमणारच. पोटात असताना बाळाच्या मेंदूतलं घड्याळ आईच्या वेळेवर चालतं. हा दोन महिने आधी आला, नाळ तुटली, ती वेळही तुटली. आता उजेड बघून शिकायचंय त्याला. दिवसा उजेड, रात्री अंधार ठेवला की अशा बाळांचं वजन बरं वाढतं. चार दिवसांत हा वीस ग्रॅम वाढलाय. शेजारचा शंभर.

आई : माझ्यामुळे?

सिस्टर : तसं छातीठोकपणे नाही सांगता येणार. पण कापडाला हात लावू नका.

आई : हा दिवसाचा झाला की मला भेटणार कधी? याच्या बापाचं तेच. दिवसपाळीचा माणूस. पाच वर्षं आमची गाठ जिन्यात पडते.

सिस्टर : तरी बाळ झालं.

आई : रविवारी सुट्टी असते.

सिस्टर : मग दिवसपाळी मागा की.

आई : तिथे माझी नणंद मुकादम आहे. तिच्या तोंडी लागायला नको म्हणून तर रात्र घेतली.

सिस्टर : ते तुमचं तुम्ही बघा.

आई : भीती वाटते हो. हाही मला जिन्यातच भेटायचा.

सिस्टर : आधी याला दिवस-रात्र तरी शिकू दे.

आई : किती दिवस लागतात याला शिकायला?

सिस्टर : दिवस-रात्र नीट कळायला दोन-तीन महिने.

आई : काढा ते कापड. नणंदेला फोन करून येते.

सिस्टर : करा. आणि घरी जाऊन झोपा. रात्रभर उभ्या होतात.

आई : नाही, इथेच बसते संध्याकाळपर्यंत. डोळा लागला तर हलवून उठवा.

सिस्टर : पहिल्याच दिवशी नाही जमायचं, ताई.

आई : त्याला तीन महिने दिलेत ना? मलाही तेवढे द्या.