आकेनेसे हिच्या दोन नोंदींबाबत

पोलीस ठाणे, उत्तर किनारा, सावाई बेट, सामोआ. शुक्रवार, दिनांक २१ मे १९२६.

नाव: सेउमालो. वय अंदाजे ५४ वर्षे. धंदा: शेती, तसेच माताउली गावचा सरकारी कारभारी. राहणार: माताउली.

मी ठाण्यात स्वतः हजर असून विचारल्यावरून सांगतो की, वर लिहिलेल्या गावी मी बायकामुलांसह राहतो. सात वर्षांपासून गावच्या जन्ममृत्यूची वही माझ्याकडे आहे. जन्म ज्या गावात होईल त्या गावच्या वहीत, आणि मृत्यूही जिथे होईल तिथल्या वहीत लिहायचा, असा सरकारचा नियम मला शिकवला आहे. मी त्याप्रमाणेच लिहितो. माझ्या वहीत एकही खाडाखोड नाही. साहेबांनी पाने उलटून पाहिली आहेत.

अटकेत असलेली सिनाफोआ ही माझा पुतण्या पेनिआमिना याची बायको. जिच्या घरून तक्रार आली ती नाओउपू ही पेनिआमिनाची सख्खी बहीण, म्हणजे माझी पुतणीच. ती लग्न होऊन सालेफाआ गावी दिली आहे. तिच्या नवऱ्याचे नाव तौआना. तो तिथल्या ख्रिस्ती देवळाचा सेवक आहे. दोघी मला काका म्हणतात. दोघींबद्दल माझ्या मनात वाकडे काही नाही, हे आधीच लिहून घ्यावे.

नाओउपूला मूल नव्हते. सिनाफोआ दुसऱ्यांदा गरोदर राहिली तेव्हा नाओउपूने भावाकडे येऊन पोटातले मूल मागितले. आमच्यात बहिणीच्या शब्दाला भाऊ नाही म्हणत नाही. ती बैठक माझ्याच घरात झाली आणि घराण्यातर्फे मीच बोललो. सिनाफोआ त्या वेळी बाहेर चुलीपाशी नीरफणस सोलत होती. तिला कोणी विचारले का, असे साहेबांनी आता विचारले. नाही. तसे विचारण्याची पद्धत नाही.

दिनांक ४ मार्च १९२३ रोजी माताउली येथे सिनाफोआला मुलगी झाली. आजीचे नाव ठेवायचे म्हणून आकेनेसे ठेवले. नवव्या दिवशी मी वहीत लिहिले: आकेनेसे, बाप पेनिआमिना, आई सिनाफोआ. तीन महिने अंगावर पाजून झाल्यावर मुलगी सालेफाआला गेली. सोबत एक बारीक विणीची मानाची चटई दिली. होडीपर्यंत मुलीला मी नेले, कारण सिनाफोआ घरातून बाहेर आली नाही.

सालेफाआच्या कारभाऱ्याने तीच मुलगी आपल्या वहीत लिहिली: आकेनेसे, बाप तौआना, आई नाओउपू. त्याने हे का केले, असे विचारल्यावरून सांगतो की, तो माझा जुना ओळखीचा आहे, लबाड नाही. मूल दिले की दिले. ते ज्या घरासाठी जन्मले त्या घरचे. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच लिहिले असते. दोन्ही वह्या आपियाच्या मुख्य सरकारी कचेरीत एकमेकींशेजारी ठेवून वाचतील, हे आम्हा दोघांच्या डोक्यात आले नाही.

यंदा ११ फेब्रुवारीला आकेनेसे सालेफाआ येथे तापाने वारली. समुद्र खवळलेला होता, होडी निघेना. निरोप घेऊन माणूस पायी आला त्याला दोन दिवस लागले. आम्ही पोचलो तेव्हा घराशेजारी पुरून वर काळे दगड रचून झाले होते. सिनाफोआने दगड पाहिले. मुलीला शेवटचे तिने गेल्या नाताळात पाहिले होते. तेव्हा मुलगी तिच्या मांडीवर बसायला तयार नव्हती, "ही कोण?" असे नाओउपूला विचारत होती. हे मला सिनाफोआनेच परत येताना वाटेत सांगितले.

तो मृत्यू सालेफाआच्या वहीत लागला. माझ्या वहीत मी काही लिहिले नाही, कारण मृत्यू माझ्या गावात झालेला नव्हता. नियम वर सांगितला आहे.

दिनांक १७ मे, सोमवार, सकाळी नऊच्या सुमारास सुया टोचणारा डॉक्टर, एक कारकून आणि दुभाषा माताउलीला आले. गावांच्या वह्यांवरून केलेली पाच वर्षांखालच्या मुलांची यादी यंदा पहिल्यांदाच कारकुनाकडे होती. आया मुले घेऊन सभेच्या घरात बसल्या होत्या. सिनाफोआ मोठ्या मुलाला घेऊन तिसऱ्या खांबाजवळ होती. नावे पुकारता पुकारता आकेनेसेचे नाव आले. कोणी उठले नाही.

मी म्हणालो, "ती मुलगी नाही. सालेफाआला वारली."

कारकुनाने दुसरा कागद काढला, बोट फिरवले आणि दुभाष्याशी बोलला. दुभाषा म्हणाला, "साहेब म्हणतात ती वेगळी. तिची आई नाओउपू. ही सिनाफोआची. हिचा जन्म आहे, मृत्यू नाही."

"अरे, एकच मुलगी ती."

"एकच असती तर कागदावर दोन कशाला असत्या?"

मी म्हणालो की मूल दत्तक दिले होते. दुभाष्याने ते सांगितले की नाही, मला कळले नाही. तो इकडच्याच माणसाचा मुलगा, पण कचेरीचे बूट पायात आल्यापासून त्याला आमची रीत समजेनाशी झाली आहे. त्याने उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, "सरकार म्हणतं, मुलगी जिवंत आहे. सुईच्या भीतीनं लपवलीय. शुक्रवारपर्यंत हजर करा."

दोघीतिघी हसल्या. एक बाई म्हणाली, "शोधा आता केळीच्या बागेत." सिनाफोआ हसली नाही. ती दुभाष्याकडे बघत होती. मग तिने मला विचारले, "काका, तुमच्या वहीत ती मेलीय का?"

मी म्हणालो, "वहीत नाही."

मी खरे तेच बोललो. पण मुलगी मेली आहे, हे त्याच वेळी तिला पुन्हा सांगायला हवे होते. ते मी सांगितले नाही. कारकुनासमोर माझी वही चुकीची ठरू नये, एवढेच तेव्हा माझ्या डोक्यात होते. याची मला लाज वाटते.

दुपारी ती घरात नाही असे कळले. मोठा मुलगा शेजारी ठेवून ती सालेफाआच्या वाटेला लागली होती. पेनिआमिना मासेमारीला गेला होता म्हणून मी एकटा मागे गेलो. वाटेत एका नातेवाइकाकडे मुक्काम करून मी १८ तारखेला दुपारी सालेफाआला पोचलो.

तौआनाच्या घराशेजारी दहाबारा माणसे उभी होती. सिनाफोआ दगडांपाशी बसली होती. वरचे दगड तिने उचलून बाजूला नीट मांडून ठेवले होते. माती उकरली का, असे विचारल्यावरून सांगतो की, नाही. तिच्या हातात काठी किंवा खुरपे काही नव्हते.

नाओउपू समोर बसलेली होती. त्यांचे बोलणे मी ऐकले ते असे:

"वन्सं, माझी मला द्या."

"कुठून देऊ गं वहिनी? ही इथे आहे ना."

"ही तुमची. तुमच्या वहीतली. माझी आमच्या वहीत आहे, जिवंत आहे. गोऱ्या साहेबानं कागद बघून सांगितलं."

"एकच होती गं. तू जन्म दिलास, मी वाढवली."

"मग ही कोण ते मला बघू द्या. मी बघितलंच नाही तर मला कसं कळणार?"

नाओउपूने तिचा हात धरला नाही, दगडही धरले नाहीत. ती नुसती रडत होती. तौआना मात्र भडकला. "आमच्या लेकराला मेल्यावर तरी झोपू द्या," असे म्हणून तो पोलिसांना बोलवायला गेला. त्याचाही मला राग आला नाही. बापच तो.

मला पाहून सिनाफोआ म्हणाली, "काका, सांगा ना यांना. तुम्हीच लिहिलंत ना?"

मी खाली बसलो आणि तिला म्हणालो, "पोरी, मी तिला होडीत ठेवली, ती हीच. दुसरी नाही." ती म्हणाली, "मग सरकार खोटं बोलतं?" मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "मग तुम्ही?" मी म्हणालो, "नाही." माझे डोके तेव्हापासून चालेनासे झाले आहे.

तिला १९ तारखेला इथे आणले. थडग्याला हात लावल्याचा गुन्हा तिच्यावर लावायचा की नाही, हे ठरायचे आहे. माझी विनंती आहे की लावू नये. कोणाला दोषी धरायचेच तर वही माझी आहे.

आज सकाळी अकराच्या सुमारास साहेबांनी सांगितले की, माताउलीच्या वहीतही मृत्यू लिहून टाका, म्हणजे यादी जुळेल. मी म्हणालो, मृत्यू माझ्या गावात झाला नाही. साहेब म्हणाले, लिहा. असे लिहिले तर सरकारच्या हिशेबी दोन मुली जन्मल्या आणि दोन मेल्या. आमच्या घरात एकच जन्मली आणि एकच मेली. पण न लिहावे तर जी नाही तिला दर सहा महिन्यांनी सुईसाठी पुकारतील, आणि सिनाफोआ दर वेळी सालेफाआला जाईल. म्हणून मी तयार झालो.

मृत्यूची खबर देणाऱ्याचा अंगठा लागतो. सिनाफोआला बाहेर आणले. नाओउपू पहाटेपासून पडवीत बसून होती. तिने सिनाफोआसाठी भाजलेले अळूचे कंद आणले होते, ते तसेच राहिले होते. मी सिनाफोआला काय लिहिणार ते समजावले.

मग तिने विचारले, "मी अंगठा दिला की ती मरेल का?"

मी म्हणालो, "ती फेब्रुवारीतच गेली, पोरी."

"तुमच्या वहीत विचारतेय."

"हो. वहीत मरेल."

तिने अंगठा पुढे केला, पण शाईला लावला नाही. नाओउपू उठून जवळ आली. तिने सिनाफोआचा हात स्वतःच्या हातात घेतला, अंगठा शाईत बुडवला आणि दोघींनी मिळून तो वहीवर टेकवला. सक्ती केली का, असे विचारल्यावरून सांगतो की, नाही.

पुढच्या रकान्यात खबर देणाऱ्याचे मृताशी नाते लिहायचे असते. सालेफाआच्या वहीत या मुलीची आई नाओउपू आहे. माझ्या वहीत सिनाफोआ. मुलगी दिली तेव्हा घराण्यातर्फे मीच बोललो होतो, त्यामुळे त्या रकान्यात सिनाफोआचे नाते काय लिहावे ते मला सुचेना. मी नाओउपूकडे पाहिले.

ती म्हणाली, "आई लिहा, काका."

मी लिहिले.

हा जबाब मला आमच्या भाषेत सावकाश वाचून दाखवला. काही चुकले असल्यास सांगा, असे म्हणाले. चूक नेमकी कुठे झाली ते मला अजून सापडलेले नाही. मी सांगितले तसेच लिहून घेतले आहे, एवढे खरे. खाली सही करतो.

सेउमालो