कडी काढलेलं नाणं

नाही हो इंदूकाकी, तिथे नको, इकडे पंख्याखाली बसा, उन्हातून चालत आलात – फोनवर मी नीट बोलले नाही, माहितेय मला, तुमचं नाव दिसलं आणि मी दचकलेच. नाणं? आहे ना, हे काय, डबीत आहे. देते, आधी जरा समजावते. बाबासाहेबांच्या चित्राखाली साल आहे, त्याच्या खाली हा बारीकसा हिरा दिसतो का? म्हणजे मुंबईच्या टाकसाळीतलं. चांदणी असती तर हैदराबादचं. एवढं तर मी बरोबरच सांगितलं होतं, यात काही – यात काही चुकलेलं नाही.

चुकलं कुठे? फिरवण्यात. नाण्याच्या दोन बाजूंना दोन ठसे असतात, छापताना एक ठसा फिरला की मागची बाजू उलटी येते, आणि असं चुकलेलं नाणं मिळावं म्हणून लोक जीव टाकतात. पण बघायची एक रीत असते – पुस्तकाचं पान उलटतो तसं आडवं फिरवायचं. मी नेटवर टाकलेल्या त्या व्हिडिओत उभं फिरवलं, वरची कड खाली, खालची वर. तसं केलं की आपलं कुठलंही नाणं उलटंच दिसतं, काकी, कुठलंही, कोळणीच्या बटव्यातलंसुद्धा! बाबासाहेब सरळ, मागचे सिंह डोकं खाली – आणि मी ओरडले, सापडलं! तुमच्या गळ्यात दोऱ्याला लटकत होतं, गिरक्या घेत होतं, तेव्हा नुसतं बघितलं असतं तरी कळलं असतं की दोन्हीकडून सरळच आहे. आणि मी म्हणे एम.कॉम.

प्रदर्शन? हो, मुंबईचं. ते आता – म्हणजे प्रदर्शन आहे, आपलं नाणं नाही त्यात. खाली पाटीवर काकांचं नाव येणार होतं, 'कालकथित सीताराम यांच्या संग्रहातून', मीच म्हणाले होते, विहारात, सगळ्यांच्या देखत, आणि तुम्ही पदर तोंडाला लावलात. प्रदर्शनवाल्यांनी फोटो बघून एका ओळीत कळवलं – साधं नाणं आहे, वरच्या बाजूला डाग दिल्याचा वण आहे.

वण... हो, दोरा ओवायच्या कडीचाच. काकांनी लग्नात डाग देऊन बसवून घेतली होती, मंगळसूत्राच्या जागी हेच घातलं तुम्हाला – माहितेय काकी, म्हसळ्याला सोनाराकडे जाताना तुम्हीच सांगितलंत. मी म्हटलं, संग्राहकांना कडी चालत नाही, आणि तुम्ही मान खाली घालून दोरा सोडलात. मला तेव्हा वाटलंच नव्हतं की चूक असेल, शपथ, मनातसुद्धा – आता माणगावच्या त्या निकेतने व्हिडिओखाली लिहिलं होतं, 'मैत्रीताई, आडवं फिरवून बघा,' पण लोक काय, काहीही लिहितात, मी ते काढून टाकलं, आणि मग सकाळी आपण म्हसळ्याला –

हो. आधी. निकेतचं आधी आलं होतं. व्हिडिओसाठी घेतलेलं नाणं त्या रात्री माझ्याकडेच होतं, मी बघितलंही होतं फिरवून, आडवं, न्हाणीचं दार लावून. सरळ होतं. पण विहारात सांगून झालं होतं ना, पोरी मला 'टाकसाळवाली' म्हणून हाका मारायला लागल्या होत्या, आवडायचं मला ते. सोनाराने पक्कड हातात घेतली तेव्हा एकच शब्द बोलायचा होता मला, काकी, 'थांबा' – आणि मी त्याला म्हटलं, 'जपून.'

कडी? कडी मी मागून घेतली नाही. टाकली असेल त्याने मोडीत. नवी बसवून आणते ना मी, अगदी त्याच जागी, वण दिसणारसुद्धा नाही – काकी, बोला ना काहीतरी. शिव्या घाला. आईला सांगा. विहारात उभी करा मला, मी सांगेन, सगळं सांगेन – निघालात? अहो, असं पदराच्या गाठीत नका बांधू, ओरखडे पडती – बांधा. बांधा तुम्ही.

जयभीम, काकी.

काकी – जयभीम.