आतल्या मुलाला मिठी मारा म्हणे!

...आणि तीस किलोच्या बॅगेत सात पुस्तकं! सात! तुम्हाला सांगतो, बायको, अस्मिता, पुण्याहून परत येणार म्हणून मी काय मागितलं होतं? कोकमाचं आगळ, मेतकूट आणि चार फणसपोळ्या. मस्कतच्या घरी बॅग उघडतो तर काय, ट्रॉमा, ट्रॉमा, ट्रॉमा... मनाच्या जखमा, जखमांची मुळं, मुळांवर उपचार! मुखपृष्ठ सगळ्यांचं एकच, गुडघ्यांत डोकं घालून बसलेली बाई आणि मागे सूर्य. फणसपोळी आली नाही म्हणून मीही तसाच बसलो, ते निराळं.

पण मला काहीही झालेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

मी दुक्मला प्रोजेक्टवर. दर दुसऱ्या गुरुवारी साडेपाचशे किलोमीटर गाडी हाणत मस्कतला यायचं, शनिवारी जेवण झालं की यल्ला, परत! असा दमलेला माणूस सोफ्यावर टेकतो न टेकतो तोच अस्मिता पुस्तक उघडून, विमानातली बाई सीटबेल्टचं सांगते ना, त्या आवाजात, "प्रसाद, डोळे मीट. दीर्घ श्वास घे. शरीराला विचार, कुठे दुखतंय?" विचारलं! कंबर म्हणाली, साडेपाचशे किलोमीटर. "आता तुझ्या आतल्या लहान मुलाला मिठी मार." अहो, आत मूल कुठलं? आत दुपारची बिर्याणी आहे! आणि हे लिहिणारे एसीत बसून लिहिणार. दुक्मला येऊन घ्या म्हणावं दीर्घ श्वास, पावशेर वाळू जाते नाकात!

"लहानपणीचं काही टोचतंय का?" काही नाही टोचत! आमचे अण्णा इथेच ओमानात, सलालाहला नोकरीला, दोन वर्षांतून एकदा राजापूरला यायचे. परत जायच्या दिवशी मला म्हणायचे, "जा रे, नाक्यावरनं क्रीमची बिस्किटं घेऊन ये." मी धावत जायचो, धावत यायचो, तोवर जीप गेलेली. रडारड नको म्हणून हो! सगळ्यांचेच बाप असे जायचे, त्यात काय एवढं? आता मी ती बिस्किटं खात नाही, पण ते आवडत नाहीत म्हणून. मला काहीही झालेलं नाही!

बरं, आता परवाच्या शनिवारचं ऐका. जेवलो, आणि इराला, म्हणजे आमच्या मुलीला, नऊ वर्षांची आहे, म्हटलं, "जा गं, खालच्या बकाल्यातून लबान आण." ताकच ते, बाटलीतलं. ती दुकानात गेली की मी बॅग उचलून मागच्या लिफ्टने खाली, नेहमीसारखा. अस्मिता पुस्तकावरून नुसती बघत होती. तेच जास्त झोंबलं. खाली येतो तर गाडीची किल्ली नाही! खिसे उलटे केले, बॅग उपसली... तेवढ्यात समोरून बाईसाहेब. एका हातात लबान, दुसऱ्या हातात माझी किल्ली!

"बाबा, एव्हरी टाइम लबान. आय डोन्ट इव्हन लाइक लबान." आणि मग मराठीत, अडखळत, "तू जातोस ते... मला बघायचं असतं."

आता हे पुस्तकात कुठे लिहिलंय, दाखवा! साती पुस्तकं... म्हणजे, चाळली असतील मी चार-पाच, साइटवर वेळ जात नाही म्हणून... कुठेही नाही! दीर्घ श्वास घ्या म्हणे. घेतला, तर बाहेरच येईना. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, भर पार्किंगमध्ये पोरीला धरून उभा! वॉचमन जमालभाई विचारतोय, "क्या हुआ साब?" म्हटलं, "कुछ नहीं, धूल गया आँख में."

मग निघालो. फाटकापर्यंत पळत आली, हात हलवत. आरशात बराच वेळ दिसत होती.

वाटेत सिनावला पेट्रोल भरायला थांबलो, तर तिथल्या दुकानात क्रीमची बिस्किटं! घेतला एक पुडा. का घेऊ नये? मला काहीही झालेलं नाही! हा बघा, बरोबरच आणलाय. अजून फोडला नाही, एवढंच... घ्या ना. तुम्हीच फोडा हो जरा.