भांडाय माणूस पायजे

तर गोड बोलत्यात ओ सगळी! त्योच तर तरास हाय! आतड्यात गाठ निघाली, कॅन्सर म्हणाले, मिरजंत ऑपरेशन झालं, किमोच्या सलाईनी चालू झाल्या... त्याचं काय न्हाई, सोसतंय माणूस. पर तुमास्नी सांगतो, हे गोड बोलणं सोसत न्हाई! मी आकाराम, कोरेगावकडचा, भांडायचं एक घर ठेवलं न्हाई गावात, आन आता जो येतोय त्यो मान हलवतोय. "व्हय आण्णा. बरोबर हाय आण्णा." आरं, मी काय मेलोय व्हय?

सुरुवात घरातनंच. आमची अंजना. लग्न झाल्यापासनं ह्या बाईनं माझं एक ऐकलं न्हाई, आन आता कशी बोलतीया? "आवं, दोन घास खाता का?" आवाज असा मऊ, जसा काय मी कुणाचा तरी पाव्हणा! मी म्हणलं, आमटी खारट झालीया. "व्हय, माझंच चुकलं." जरा वेळानं म्हणलं, आळणी हाय. "व्हय की, आळणीच हाय." एकच आमटी! एकाच वाटीतली! आवं, किमोनं माझ्या तोंडाची चव गेली, हिच्या तोंडाला काय झालं?

म्हणलं, चला पारावर, मेंढीकोट खेळू. तितं आमचा दोस्त ज्योतिबा. हातात हुकूम घिऊन बसलाय, मला त्याच्या चष्म्यात दिसतोय हुकूम, आन ह्यो गडी दश्शा माझ्या पुढ्यात टाकतोय! "जिकला की आण्णा तुमी!" जिकलो? आरं, तेराव्याचं दान करतोस का माझं? मी काय मेलोय व्हय?

पर ह्या सगळ्यांवर कडी केली ती केरबानं. केरबा म्हंजी माझा धाकटा भाऊ. आमची हीर सामायिक. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, एक दिवस माझी, एक दिवस त्याची, आन पाळी बदलली की भांडण ठरलेलं. त्यो मोटरीपाशी उभा राहून वरडणार, "तुझं घड्याळ मागं हाय!" मी वरडणार, "तुझं डोस्कं मागं हाय!" काय गंमत होती राव! भूक लागायची भांडून!

आन आता? मी मिरजंला गेलो की ह्यो बाबा स्वतःची पाळी बी माझ्याच रानात सोडतोय! त्याचं पाणी, माझं पाणी, सगळं माझ्याच आल्याच्या पिकात! आल्याला पाणी किती लागतंय? बेताचं. जास्ती झालं की कुजतंय. सरीत बेडकं वरडाय लागली, कंद हातात घेतला तर पिठलं! मी म्हणलं, केरबा, काय केलंस हे? तर हात जोडून म्हणतोय, "दादा, तुमी आराम करा." तुमी! मला! उभ्या जन्मात ज्यानं मला अरेतुरे केलं, त्यो तुमी म्हणाय लागला! तवा मी खरा भ्यालो बघा. डॉक्टरनं कॅन्सर म्हणलं तवा न्हवतो भ्यालो. म्हणलं, आकाराम, ह्यांनी तुला पोचवलाय. मग सलाईन कशाला टोचून घ्यायची? न्हाई जात मी मिरजंला!

अंजना रडली. तिनं फोन लावला सोनिया मॅडमला. ह्या दवाखान्यात पेशंटाशी आन घरच्यांशी बोलाय बसत्यात, त्या. मॅडम म्हणल्या, "काका, मोकळं बोला, काय पाहिजे तुम्हाला?" मी म्हणलं, भांडाय माणूस पायजे! वाटलं हसतील. न्हाई हसल्या. म्हणल्या, "सगळ्यात चांगलं कुणाशी जमायचं?" म्हणलं, केरबाशी.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या सांगण्यावरनं केरबा हजर. अंघोळ करून, टोपी घालून! भांडाय आलाय का देवळात? मी म्हणलं, कर सुरू. तर मान खाली घालून, "दादा... तुमी... लय वाईट हायसा..." आन लागला की रडाय! आरं शिवी दे, शिवी! म्हण, घड्याळ मागं हाय! "तुमचं घड्या..." आन पुढं नुसतं हुंदकं! मी म्हणलं, जा घरला. तुझ्यानं व्हायाचं न्हाई. आन मी बी मिरजंला जायाचा न्हाई.

तसा ह्यो ताडकन उठला!

"जात न्हाईस? आरं, तुझ्या रानात पाणी सोडून सोडून माझा ऊस वाळला! कशापायी वाळवला? तू बरा होऊन येशील, मग एकदाच नरड्याला धरीन म्हणून दम खाऊन बसलोय, आन तू घरात झोपतोस? भित्रा हायस तू! आधीपासनं भित्रा! मरायचं आसंल तर माझं पाणी फेडून मर!"

अंजनाच्या हातनं ताटली पडली. आन मला... तुमास्नी सांगतो, मला असं गार वाटलं! मी म्हणलं, भित्रा कुणाला म्हणतोस रं? तुझ्या उसाला पाणी कशाला, त्यो लावतानाच वाकडा लावलाय तू! जी जुंपली, जी जुंपली... दोघं बी धापा टाकाय लागलो तवा थांबलो. मी दीड भाकरी खाल्ली. अंजनाला म्हणलं, आमटी आळणी हाय. ती म्हणली, "गिळा गुमान!"

जिवात जीव आला माझ्या.

आता दर किमोला केरबा संगं येतोय. गाडीत खिडकीवरनं भांडतोय, दवाखान्यात सलाईन भराभरा पडतीया का हळू त्यावरनं भांडतोय. सिस्टरनं दोनदा बाहेर काढला. डॉक्टर म्हणत्यात, गुण येतोय. तर ह्यो त्यांस्नीच म्हणतोय, "लवकर आटपा सायेब, मला ह्याच्यावर केस घालायचीया!"

आज बी बसलाय की शेजारी. सकाळधरनं एकच, आजची पाळी माझी का त्याची. माझीच हाय, पर ऐकंल त्यो केरबा कसला! घसा बसला दोघांचा. आन आत्ता, सलाईन निम्मी झाल्यावर अंजना म्हणती, "आवं, पर तुमी दोघं बी हितं मिरजंत... मग तितं मोटर कोण चालू करणार?"

केरबा घड्याळ बघतोय, मी सलाईनची बाटली.

वाळू द्या आता, काय करता!