महिपत गवंड्याचा आकडा

...आणि वर माझ्याच पडवीत बसून, माझ्याच पानाच्या डब्यातली सुपारी कातरत हा गवंडी मलाच म्हणतो, ‘‘भाऊ, पटत नसंल तर ऱ्हाऊ दे.’’ अहो, पटतंय की नाही हेच कळत नाही म्हणून तर जीव टांगणीला लागलाय!

तुम्हाला सांगतो, सगळा घोळ आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीचा. ती पाडायची, जांभ्याचे नवे चिरे लावून उभी करायची आणि तिच्या कडेने उभ्याने रांधायचा ओटा घालायचा, कारण औंदा आमच्याकडे गॅस आलाय आणि कमला, म्हणजे आमचं कुटुंब, ती शेगडी पाटावर ठेवून तिच्यासमोर मांडी घालून बसते. भिंत आत झुकलेली. किती? तर वर खिळ्याला लावलेलं कॅलेंडर भिंतीपासून हातभर पुढे लोंबतं. लपाछपीत आळीतली पोरं त्याच्यामागे लपतात, आता बोला!

तर पालीहून हा महिपत गवंडी आला. भिंतीला कान लावला, दोन टिचक्या मारल्या, ‘‘पोटात पोकळ हाय,’’ म्हणाला आणि एक आकडा सांगितला. आकडा मी तुम्हाला सांगणार नाही. का? कारण आकडा ऐकला की माणूस मत देतो, आणि मतांनीच तर माझा घात केलाय. तुम्हीच सांगा, रास्त की लूट, कळायचं कसं?

शेजारच्या अण्णांकडे गेलो. बांधकाम खात्यात जन्म गेलेला माणूस. म्हटलं, ‘‘अण्णा, महिपतने भिंतीचा आकडा...’’

‘‘लुटलंन तुला.’’

‘‘अहो, अजून सांगितला कुठे?’’

‘‘सांगू नकोस, मला रक्तदाब आहे. आमच्या वेळी एवढ्यात पूल व्हायचा.’’

‘‘कुठला पूल?’’

‘‘वाहून गेला तो.’’

बरं, मे महिना, म्हणजे आंबे खायला मेहुणा गोपाळकृष्ण मुंबईहून हजर. त्याने आकडा ऐकला आणि हातातली बाठ खाली ठेवली. ‘‘भावजी, एवढ्यात? गिरगावात एवढ्यात न्हाणीचा नळ बदलून मिळत नाही. इतकं स्वस्त सांगतोय म्हणजे फसवतोय नक्की.’’ घ्या! एक म्हणतो महाग, म्हणून लबाड. दुसरा म्हणतो स्वस्त, म्हणून लबाड. रास्त की लूट, कळायचं कसं?

आणि वेळ तरी होता का? महिपतने बजावलंन, ‘‘मंगळवारपतूर सांगा. मग मी चिपळूणला कामावर जातो, मग पाऊस. मग तुमची भिंतच काय तो निकाल देल.’’ आणि कमला? ती एक शब्द वाकडा बोलली नाही. पोळी लाटता लाटता म्हणाली, ‘‘तुम्ही करा हो सावकाश विचार. मी बसल्येय इथेच, भिंतीखाली.’’

शेवटी सोमवारी संध्याकाळी गेलो देवळात. आमच्याकडे माणसाला सुधरेनासं झालं की देवीला कौल लावायचा. तिच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लोक लग्नाचं विचारतात, हरवलेल्या म्हशीचं विचारतात. भिंतीच्या आकड्याचं विचारणारा पहिला मीच. सखाराम गुरवाने पाकळ्या लावल्यान आणि गाऱ्हाणं सुरू केलंन, ‘‘बाय माझे, ह्या तुझ्या लेकराची भिंत वाकडी, मन त्याहून वाकडं...’’ पुढचं ऐकायला देवी थांबलीच नाही. उजवी टपकन खाली! महिपत खरा!

मला काय आनंद झाला म्हणता! नारळ फोडला, पाया पडलो, आणि मान वर करतो तर देवीच्या कोपराशी आणखी एक पाकळी. अर्धी सुकलेली.

‘‘ही कुणाची रे?’’

‘‘ती व्हय? महिपतची. सकाळधरनं लावलेली हाय.’’

‘‘त्याला काय विचारायचं होतं?’’

सखाराम समईची वात सारू लागला. ‘‘भाऊ कामाचे पैसे वेळेवर देतील काय, म्हनून.’’

‘‘मग?’’

‘‘खांद्यावरनं कोपरापतूर आलीय. आई इचार करत्येय.’’

आता देवीने खरा ठरवलेल्या माणसाला मी कुठल्या तोंडाने म्हणणार, की काम झाल्यावर देतो? सगळे पैसे आगाऊ मोजले. महिपतने मात्र भिंत अशी ओळंब्यात उभी केलीन की कॅलेंडर तिला चिकटून बसलं आणि पोरांची लपायची सोय गेली. कमला ताठ उभी राहून रांधते, वर ओव्या म्हणते. अण्णा अजून लुटलंन म्हणतात, मेहुणा अजून फसलात म्हणतो, आणि दोघेही ओट्यापाशी उभे राहून दोन-दोन कप चहा पितात.

परवा दसऱ्याला देवळात गेलो. पाऊस सरला, देवीला नवं लुगडं नेसवलं, आणि पाकळी? काळी पडलेली, पण कोपराशी तश्शीच.

म्हटलं, ‘‘सखाराम, अरे पैसे केव्हाच दिले मी.’’

‘‘तिला ठावं हाय,’’ सखाराम म्हणाला, ‘‘खात्री करत्येय.’’

म्हटलं, करू दे बापडी. भिंत तरी कुठे पडतेय आता.