किल्ली शोधते, बसा

(दुपार. बाहेरच्या खोलीत सासू खुर्चीवर बसली आहे, समोर इन्स्पेक्टर. नेमबाज सून मैदानावरच्या सरावावरून धावतपळत आत्ताच घरी पोचली आहे.)

इन्स्पेक्टर: थांबा, काकू, थांबा. एकेक करून सांगा. दार तुम्हीच उघडलंत?

सासू: मग काय भिंतीने उघडलं? घरात मी एकटी. मुलगा फिरतीवर, ही सरावाला, आज नुसतं धावणं म्हणून रायफल घरीच. बेल वाजली, उघडलं. दोघं होते. एक वर्दीत, दुसरा साध्या कपड्यांत, काखेत फाईल.

सून: आई, आधी पाणी प्या.

सासू: पाणी राहू दे. तू बूट काढ आधी, सगळ्या घरभर माती केलीस.

इन्स्पेक्टर: काय म्हणाले ते?

सासू: आवाज असा गोड, की वाटावं जावईच आलाय. "आजी, शस्त्रपरवान्याची तपासणी आहे. रायफल ठाण्यात जमा करायची, दोन दिवसांत परत मिळेल, ही पावती." हिचं पूर्ण नाव तोंडपाठ. मेडल कुठल्या स्पर्धेत मिळालं तेही ठाऊक.

सून: पेपरात फोटो आला होता ना माझा. रायफल हातात, आणि मागे आपली गॅलरी. मी नको म्हणत होते.

इन्स्पेक्टर: तिथूनच माग काढला त्यांनी. आम्ही शोधतच होतो या जोडीला. पलीकडच्या वस्तीत अशाच दोन बंदुका नेल्यात. एका घरी तर वडिलांनी स्वतः कपाट उघडून दिलं, वर चहा पाजला. मुलाच्या परवान्याला धक्का लागू नये म्हणून हो.

सासू: मलाही तीच भीती घातली. "आज रायफल दिली नाही तर परवाना रद्द होईल, सूनबाईंचं खेळणं संपेल." उद्या हिची निवडचाचणी आहे साहेब.

सून: मग कळलं कसं तुम्हाला?

सासू: तो फाईलवाला जास्त शहाणा. म्हणाला, "त्यांच्याशी बोलणं झालंय, सासूबाई काढून देतील असं त्याच म्हणाल्या." तिथे फसला! माझी सून असं म्हणणं शक्य नाही. साहेब, रायफल ठेवते त्या तिजोरीपाशी ही मला केरसुणी फिरवू देत नाही.

सून: आई!

सासू: खोटं आहे का? किल्ली एकच, ती हिच्या गळ्यात. आंघोळीला जातानासुद्धा काढत नाही. नवऱ्याने एकदा गमतीत मागितली, तर आठवडाभर दोघांचा अबोला.

सून: गमतीत नव्हती मागितली. मित्रांना रायफल दाखवायची होती त्यांना.

सासू: बरं, चुकलं त्याचं. मीही काही कमी रुसले नव्हते. माझ्याच खोलीत तिजोरी बसवली, भिंतीला भोकं पाडली, आणि मलाच हात लावायची बंदी. घर डोक्यावर घेतलं होतं मी. म्हटलं, बंदूक घरातली आणि मी काय परकी?

इन्स्पेक्टर: मग त्यांना हाकलून का नाही दिलंत? किल्ली नाही म्हटलं असतं, विषय संपला असता.

सासू: माझ्या दारातला संपला असता. ते पुढच्या कुणाच्या दारात गेले असते त्याचं काय? म्हणून म्हटलं, "किल्ली शोधते, बसा."

इन्स्पेक्टर: आणि बसले?

सासू: न बसून सांगतात कुणाला! उभी हयात पोस्टाच्या खिडकीमागे काढली मी. माणसाला ताटकळत कसं ठेवायचं आणि वर त्याच्याकडूनच आभार कसे मानून घ्यायचे, ते मला कुणी शिकवायला नको. आधी चष्मा शोधला. मग चष्मा लावून किल्ली. गादीखाली पाहिलं, जुन्या पर्समध्ये पाहिलं. मध्येच विचारलं, "ओळखपत्राची झेरॉक्स आणलीत का?" एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मग म्हटलं, सुनेलाच विचारते, आणि त्यांच्यासमोर फोन लावला.

सून: तो फोन मी जन्मात विसरणार नाही. "बाळा, किल्ली कुठे ठेवलीस गं?" लग्न झाल्यापासून या मला एकदाही बाळा म्हणाल्या नाहीत, साहेब. हाताने गळ्यातली किल्ली चाचपली आणि समजले, घरात कुणीतरी आहे.

इन्स्पेक्टर: तुम्ही काय उत्तर दिलंत?

सून: काही सुचेना. म्हटलं, "पिठाच्या डब्यात बघा आई, अगदी तळाला." फोन ठेवला आणि लगेच तुम्हाला लावला.

सासू: काय झकास साथ दिली पोरीने! मी सगळा डबा परातीत उपडा केला. चाळण घेतली. त्यांच्या पुढ्यात बसून पीठ चाळायला लागले.

इन्स्पेक्टर: चाळायला?

सासू: किल्ली बारीक असते हो, हाताला लागत नाही! पण तो वर्दीवाला आता तापला. तरातरा आत गेला, खोलीतलं कपाट उघडलं, माझे कपडे बाहेर भिरकावले. मागे तिजोरी दिसली. गदागदा हलवली त्याने. हलते कसली! आतून भिंतीला पक्की आवळलीय. दारात उभं राहून बघत होते मी, आणि मनात म्हणत होते, बरं झालं, माझं ऐकलं नाहीस ते.

सून: मनगट दाखवा.

सासू: काही नाही झालेलं.

सून: आई, दाखवा. हे काय आहे? पाची बोटं उमटलीत!

सासू: परत आला आणि धरलंन. "म्हातारे, किल्ली देतेस की नाही?" परात मांडीवरच होती. एका हातात जेवढं मावलं तेवढं पीठ त्याच्या डोळ्यांत.

इन्स्पेक्टर: जिन्यात सापडला तो आम्हाला, डोळे चोळत. वर्दी पांढरी झाली होती. हवालदारांना आधी वाटलं, रंगकाम करणारा असेल.

सासू: आणि दुसरा?

इन्स्पेक्टर: गच्चीवर. दोघेही गाडीत बसलेत.

सून: तुम्हाला यात गंमत वाटतेय? काही झालं असतं म्हणजे? सुरा असता त्याच्याकडे! जाऊ द्यायचं होतं त्यांना. मी रायफल कुलपात ठेवते ती घरातल्या माणसांचा जीव वाचावा म्हणून, तिच्यापायी कुणी जीव धोक्यात घालावा म्हणून नाही.

इन्स्पेक्टर: त्यांचं बरोबर आहे, काकू. असं पुन्हा करू नका. दार लावून घ्यायचं आणि आम्हाला कळवायचं. पण एक सांगतो. आधी नेलेल्या दोनपैकी एक बंदूक आम्हाला मिळाली. पेढीवरच्या दरोड्यात वापरली होती. तिथला पहारेकरी गेला.

सासू: गेला?

इन्स्पेक्टर: जागच्या जागी.

सासू: अरे देवा.

सून: बघा. म्हणून म्हणते मी.

सासू: काय म्हणतेस? अगं, तू रोज दमून घरी येतेस. पोटात कावळे ओरडत असतात. मी ताट वाढून बसलेली असते. पण तू आधी रायफल पुसतेस, तिचा तो गोळी आत सारायचा बोल्ट काढून ठेवतेस, गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवतेस, तिजोरी लावतेस, ओढून बघतेस. मगच हात धुतेस. एक दिवस चुकवत नाहीस. मी चिडायचे. म्हणायचे, अन्न गार होतंय आणि हिचं आपलं खेळणं आवरणं चाललंय. असा कुणी पहारेकरी संध्याकाळी सुखरूप घरी जावा म्हणून ते चाललंय, हे मला कुठे ठाऊक होतं? आणि तू रोज करतेस ते मी एक दुपार नको करायला?

सून: रडवू नका आता.

इन्स्पेक्टर: मला तिजोरी पाहावी लागेल. नोंद करायची आहे.

सासू: या ना, या! मी दाखवते. हे कपाट. या खोलीला रस्त्याकडे खिडकीच नाही, म्हणून इथे. ही तिजोरी. ओढून बघा, संकोच करू नका. आत नुसती रायफल, रिकामी. गोळ्या दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. आणि तो बोल्ट नसला की रायफल म्हणजे नुसता दांडका. तो कुठे असतो ते मलासुद्धा माहीत नाही.

इन्स्पेक्टर: मला मात्र बघावं लागेल.

सून: हो साहेब, दाखवते. आई, तुम्ही जरा बाहेर थांबता?

सासू: पाहिलंत! आजच्या दिवशीसुद्धा! अशी आहे माझी सून! थांबते बाई, थांबते.

इन्स्पेक्टर: ...झालं, काकू. आता या आत. नोकरीत बरीच घरं पाहिली मी. बंदुका कपड्यांच्या घडीत, पलंगाखाली, दाराच्या मागे खुंटीला. असं चोख काम फार कमी ठिकाणी दिसतं.

सासू: परत एकदा म्हणा, मुलगा आला की सांगायला बरं.

इन्स्पेक्टर: परवा दोघींनी जबाब द्यायला या. आणि मनगट आजच डॉक्टरांना दाखवा. येतो मी.

सून: आता तिजोरीची जागा बदलावी लागेल. त्या दोघांनी पाहिली.

सासू: बदल की. पण माझी खोली सोडून नेऊ नकोस.

सून: पुन्हा भोकं पाडावी लागतील.

सासू: पाड. केर मी काढीन.

सून: आई, उद्या चाचणीला याल? इतक्या वर्षांत मला नेम धरताना तुम्ही एकदाही पाहिलं नाहीत.

सासू: येईन. सगळ्यांना सांगेन, ती तिसरी उभी आहे ना, ती आमची.

सून: पुढची जागा धरून ठेवते.

सासू: पुढची नको गं. आणि कानात घालायला काहीतरी दे. त्या आवाजाची मला फार भीती वाटते.